एमजीची ऑइल गळती: इंजिन जागेवर ठेवून, की खाली उतरवून?

जुनी एमजीए किंवा एमजीबी (एमजीच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पार्किंगमध्ये उभी राहिली की आठवडाभरात लादीवर काळा डाग पडतो आणि सोसायटीच्या मीटिंगला एक विषय मिळतो. मेकॅनिक खाली वाकतो. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाशी थेंब लटकलेला दिसतो आणि निकाल तिथेच लागतो: "मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल." मागचं सील म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला तेल अडवणारी रिंग. कधी कधी ते खरंही असतं. पण तेल उगम सांगत नाही. वर कुठेही गळलं तरी वाऱ्याने मागे सरकतं, उताराने खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. म्हणून दोन पर्यायांची तुलना करण्याआधी गळती नेमकी कुठून सुरू होते ते ठरवा.

इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुवा, कोरडं करा आणि संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर उडवा. पहाटे रस्ते मोकळे असताना दादर-कुलाबा फेरी मारा. परत आल्यावर सगळ्यात वरचा ओला पट्टा शोधा, सगळ्यात खालचा थेंब नव्हे. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनच्याच प्रकारचं ऑइल भरतात, त्यामुळे वासावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

पाना उचलण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, पाहा. इंजिनच्या बाजूला दोन पत्र्याची झाकणं, म्हणजे साइड कव्हर, असतात; पुढच्या कव्हरच्या नळीतली जाळी गाळाने बुजली की क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) दाब साठतो आणि चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर फेकलं जातं. १९६४ नंतरच्या एमजीबीत इंजिन आयडलिंगला असताना ऑइल भरायच्या तोंडावर कागद धरा. तो हलका आत ओढला गेला पाहिजे. बाहेर उडत असेल तर आधी जाळी आणि नळ्या साफ करा. एमजीएला असं ओढणारं काही नाही, तिथे हलके फुसके येणारच.

इंजिन जागेवर ठेवून

यात टॅपेट कव्हर (इंजिनचं सगळ्यात वरचं झाकण), दोन साइड कव्हर, फिल्टरची रिंग आणि थोडी मेहनत घेतली तर क्रँकचं पुढचं सील व चेंबरचं (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंगही येतं.

टॅपेट कव्हर सगळ्यात सोपं, आणि बिघडतं तेही पाना जास्त मारल्याने. नटांना सुमारे ५.४ न्यूटन-मीटर पुरतात. जोर लावला की पत्रा वाकतो, मग नवं पॅकिंगही टिकत नाही. वाकलेली कड लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करा. पॅकिंग फक्त कव्हरला चिकटवा, हेडकडची बाजू कोरडी ठेवा. कॉर्क की रबर? कव्हर थोडं वेडंवाकडं असेल तर कॉर्क सांभाळून घेतं. कव्हर सरळ असेल तर रबर पुन्हा पुन्हा वापरता येतं. ऑपेरा हाउसच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं कॉर्क हातात वाकवून बघा, तडकलं तर घेऊ नका. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन याच बी-सीरिज घराण्यातलं, त्यामुळे तिच्यावर हात बसलेला मिस्त्री इथे परका नाही. तिचं पॅकिंग मात्र कव्हरवर ठेवून, कड आणि भोकं जुळवूनच घ्या.

खरा लबाड म्हणजे मागचं साइड कव्हर. ते मॅनिफोल्डच्या (इंजिनच्या हवेच्या आणि धुराच्या नळ्यांच्या) आड असतं, दिसत नाही, आणि त्याचं तेल ब्लॉकवरून थेट बेल हाउसिंगवर उतरतं. 'मागचं सील गेलंय' म्हणून उतरवलेल्या इंजिनांत याचा वाटा मोठा असतो. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढून, कॉर्कसोबत मधल्या बोल्टचा वॉशरही बदला. साध्या कव्हरला २.७ न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नाही.

पुढच्या सीलसाठी रेडिएटर काढावा लागतो आणि एमजीबीत स्टिअरिंग रॅक क्रँकच्या पुढच्या पुलीच्या आड येतो. पुलीवर खाच पडली असेल तर नुसतं सील बदलून भागत नाही, पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी लागते. कव्हरचे स्क्रू सैल ठेवून आधी पुली बसवा. सील तिच्याभोवती मधोमध आलं की मग आवळा. चेंबरचे पुढचे बोल्ट क्रॉसमेंबरच्या वर येतात, इंजिन थोडं उचलल्याशिवाय पाना नीट लागत नाही. त्यांना ८ न्यूटन-मीटर. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांना, तेही चिमूटभर. आतल्या बाजूला निघालेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

इंजिन खाली उतरवून

इथे गाडीचं साल महत्त्वाचं. एमजीए आणि १९६४ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या एमजीबीच्या इंजिनात क्रँकला आधार देणारी तीन मेन बेअरिंग आहेत आणि मागे रबरी सीलच नाही. क्रँकवरची आट्यांची खाच फिरताना तेल आत ढकलते. इंजिन थांबलं की ते काम थांबतं, म्हणून गरम गाडी उभी केल्यावर चार-दोन थेंब पडणं हा तिचा स्वभावच आहे. सील बसवायचं किट बाहेरून मागवता येतं, पण ते क्रँकच्या केंद्राशी अचूक जुळावं लागतं. नुसत्या थेंबांसाठी एवढा खटाटोप आम्ही सुचवणार नाही.

पाच बेअरिंगच्या इंजिनात खरं रबरी सील आहे आणि क्लच, फ्लायव्हील, बॅकप्लेट काढल्यावर ते बदलता येतं. जुन्या सीलच्या ओठाने (क्रँकला टेकणाऱ्या कडेने) क्रँकवर खाच पाडली असेल तर नवं सील थोडं पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ ताज्या जागेवर टेकतो. ओठाला तेल लावा आणि बसवताना तो दुमडू देऊ नका. तिथेच कॅमशाफ्टचा मागचा प्लगही तपासा, तोही याच जागी गळतो. इंजिन उतरलंच आहे तर क्लचचं रिलीज बेअरिंगही बदला, कारण त्यासाठी पुन्हा हीच सगळी उस्तवार करावी लागेल.

मग काय निवडायचं?

क्लच घसरत असेल, किंवा पाच बेअरिंगची गाडी असून वरचं सगळं कोरडं दिसत असेल, तर इंजिन उतरवा. मुहूर्त पावसाळ्याचा बरा, तसंही जून ते सप्टेंबर गाडी झाकूनच असते. बाकी बहुतेक गाड्यांचं काम जागेवरच होतं. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल ठेवा. पातळ सिंथेटिक जुन्या सांध्यांतून आधी निसटतं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका.

तीन बेअरिंगची गाडी असेल तर खाली एक ट्रे ठेवा. बेल हाउसिंगच्या तळाला तेल निचरायच्या भोकात एक स्प्लिट पिन लटकत असते. डाग थांबवण्यासाठी कुणी ते भोक बुजवायला निघालं तर त्याला अडवा, नाहीतर लादीवर पडणारं तेल क्लचवर जाईल.