झेडएक्स स्पेक्ट्रमचे काँपोझिट आउटपुट: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडील झेडएक्स स्पेक्ट्रम ४८ के हा टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक इश्यू २ बोर्डाचा (म्हणजे बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीचा) असून गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचे व्हिडिओ आउटपुट मी बदलून काँपोझिट (टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला थेट जाणारा व्हिडिओ सिग्नल) करून घेतले. तेव्हापासून तो सुट्टीच्या दिवशी नियमाने चालू असतो, त्यामुळे या बदलाने नेमके काय साधले आणि काय साधले नाही, हे आता खात्रीने लिहिता येईल.

१९८२ साली हे यंत्र बाजारात आले तेव्हा घरातल्या टीव्हीत शिरण्याचा सर्वसाधारण मार्ग म्हणजे अँटेनाचे सॉकेट. म्हणून बोर्डावर पत्र्याच्या डबीत एक मॉड्युलेटर बसवलेला असतो; तो चित्र यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर चढवतो आणि टीव्हीचा ट्यूनर ते पुन्हा उतरवतो. या चढउतारात चित्राची जी दैना होते, ती केबल बदलून किंवा चॅनेल पुन्हा पुन्हा लावून सुधारत नाही. माझ्या पडद्यावर सतत मुंग्या असत आणि तळाशी येणाऱ्या ‘© १९८२’ या ओळीतील आकडे ओळखण्यासाठी पडद्याजवळ जाऊन बसावे लागे.

खरे पाहता मॉड्युलेटरच्या दाराशी येणारा सिग्नल मुळातच काँपोझिट असतो. त्यामुळे सर्वात सोप्या पद्धतीत डबीतील सॉकेटच्या मधल्या पिनेला जोडलेला रेझिस्टर सोडवून तिथे बोर्डाकडून येणारी व्हिडिओची वायर थेट जोडतात आणि पाच व्होल्टची दुसरी वायर नीट इन्सुलेट करून ठेवतात. एवढ्यानेही मुंग्या जातात. मात्र टीव्हीचा पिवळा इनपुट ७५ ओहमचा असल्याने तो भार बोर्डावरील सर्किटवर थेट येतो आणि सिग्नलसोबत डीसी व्होल्टेजही बाहेर पडते. ते काही टीव्ही चालवून घेतात, काही घेत नाहीत. सांगलीच्या गावभागातील एका टीव्ही मेकॅनिककडून मी मधे बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर (टीव्हीचा भार बोर्डाऐवजी स्वतः पेलणारे छोटे सर्किट) बसवून घेतला. त्याला लागणारे पाच व्होल्ट मॉड्युलेटरच्या त्या मोकळ्या झालेल्या वायरीतूनच मिळतात. पुढे ७५ ओहमचा रेझिस्टर आणि डीसी अडवण्यासाठी कपॅसिटर. हा कपॅसिटर मोठाच हवा. १०० मायक्रोफॅरॅडवर पांढरा पडदा वरून खाली एकसारखा उजळ राहत नव्हता, ४७० लावल्यावर तो एकसारखा झाला. चित्र थोडे मंद येते, पण टीव्हीचा कॉन्ट्रास्ट वाढवला की भागते.

माझ्या मते या कामातील खरी कमाई मात्र जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलण्यात आहे, आणि तिकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. रंग तयार करणाऱ्या एलएम १८८९ या चिपला लागणारे १२ व्होल्ट बोर्डावरच्याच एका छोट्या कन्व्हर्टरमधून येतात. तिथले कपॅसिटर चाळीस वर्षांनी कोरडे पडले की त्या पुरवठ्यातील खरखर थेट चित्रात उतरते. ते बदलेपर्यंत माझ्याकडे नव्या स्वच्छ आउटपुटवर फिकट उभे पट्टे उलट अधिकच स्पष्ट दिसत होते. त्यानंतर इश्यू २ वर असलेले रंगांचे दोन प्रिसेट (स्क्रूने फिरवायचे छोटे रेझिस्टर) मल्टिमीटर लावून जुळवले, तेव्हा पिवळसर दिसणारा पांढरा रंग खऱ्या अर्थाने पांढरा झाला.

आता मर्यादा. काँपोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेतून जातात, त्यामुळे निळ्यावर लाल अक्षरे अजूनही कडेला फुटतात. रंगाच्या ४.४३ मेगाहर्ट्झ क्रिस्टलचा पिक्सेल ठरवणाऱ्या १४ मेगाहर्ट्झ क्रिस्टलशी मेळ नसल्याने रंगीत कडांवर बारीक ठिपके सरकत राहतात. ते या बदलाने जाणार नाहीत, आणि जातील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ४८ के मध्ये तयार आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून) मिळत नाही, ते स्पेक्ट्रम १२८ या नंतरच्या मॉडेलच्या मागच्या सॉकेटवर असते. आवाजही पूर्वीप्रमाणे यंत्राच्या आतील बीपरमधूनच येतो.

टीव्हीची निवड हा भाग मला अनपेक्षित होता. ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर २५६ बाय १९२ चे हे चित्र उत्तम दिसते. दिवाणखान्यातील एलईडी टीव्हीवर मात्र तेच चित्र ताणलेले, कडा पुसटलेले आणि किंचित उशिरा येते, त्यामुळे खेळताना उडी चुकते. मिरजेच्या एका मित्राकडील टीव्हीने तर हा सिग्नल स्वीकारलाच नाही. बहुधा इंटरलेस नसलेले (नेहमीच्या टीव्हीप्रमाणे सम-विषम ओळी आलटून पालटून न येणारे) चित्र त्याला मानवले नसावे.

एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात तासाभराने पाच व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. चित्र मात्र त्याने बिघडत नाही. अडॅप्टर घेताना विशेष जपावे, कारण स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह असते, तर दुकानात सहज मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह असते.

सुट्या भागांचा खर्च किरकोळ आहे, मजुरीच अधिक होते. बोर्डावरील एकही ट्रॅक कापलेला नाही, त्यामुळे डबीतील रेझिस्टर परत डागला की यंत्र पुन्हा मूळ स्थितीत येते. विकत घेणारा हे नेमके विचारतो, म्हणून कामाआधीचे फोटो काढून ठेवावेत.