फॅक्टरी बरी की शहर? 'द सर्ज' आणि 'द सर्ज २'

'द सर्ज' हा व्हिडिओ गेम ट्रेनमध्ये सुरू होतो. वॉरन नावाचा माणूस खिडकीशी बसलेला, समोरच्या स्क्रीनवर क्रिओ कंपनीची जाहिरात चालू, आणि आज त्याचा कामाचा पहिला दिवस. ट्रेन थांबते. आपण कंट्रोलरची दांडी पुढे ढकलतो, पण वॉरन उठत नाही, खुर्चीची चाकं फिरतात. तो व्हीलचेअरवर आहे हे तोवर कोणी बोललेलं नसतं. आपल्या अंगठ्याला ते आधी कळतं.

मी नागपुरात रोज सकाळी अग्रसेन चौकातून मेट्रो धरतो, लोकमान्य नगरला उतरतो आणि तिथून शेअर ऑटोने हिंगणा एमआयडीसी. चौदा वर्षं मेंटेनन्सला आहे. प्रेस, कन्व्हेयर, हायड्रॉलिक, जे बंद पडेल ते. त्यामुळे हा गेम पहिल्या दहा मिनिटांत माझ्या जिवाला चिकटला. नव्या माणसाला गेटवर हसऱ्या चेहऱ्यांची पोस्टरं दाखवायची, आत गेल्यावर काय ते आत. वॉरनला दोन पर्याय देतात, हलका लिंक्स किंवा दणकट ऱ्हायनो. हा यंत्राचा सांगाडा थेट हाडांत बसवायचा. मशीन स्क्रू मारायला लागतं आणि भूल दिलेलीच नाही. वॉरन ओरडतोय, मशीनला काही देणंघेणं नाही, सायकल पूर्ण करणार म्हणजे करणार. इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की मशीन थांबवणारी सोय, बायपास केलेली मशीन ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला हा सीन बघताना मांडी आवळून बसावं लागतं.

शुद्धीवर येतो तेव्हा वॉरन भंगारात पडलाय, एक ड्रोन त्याला ओढत नेतंय, आणि तेच सांगाडे घातलेले बाकीचे कामगार डोकं गेल्यासारखे फिरतायत. दिसला माणूस की मार. पृथ्वीचं वातावरण दुरुस्त करायला रॉकेटं सोडणारी कंपनी, आणि तिच्या शॉप फ्लोअरवर हे चित्र.

आता डिस्कची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बर्डीवरच्या एका दुकानातून जुनी डिस्क घेतली, नऊशे रुपयांत. घरी येऊन डबा उघडला तर आत क्रिकेटचा गेम. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परस्पर तिथे गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, डबा उघडून नाही पाहिला का इथंच?" म्हटलं, पोहे घेताना तर्री चाखून घेतो का मी? त्याने ड्रॉवरमधली पंचवीसेक डिस्कांची चळत काढली, आणि 'सर्ज' सापडला तो कुस्तीच्या गेमच्या डब्यात. तेव्हापासून कानाला खडा, डबा आधी उघडायचा.

तर पहिला भाग १६ मे २०१७ ला आला. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या डेक१३ या स्टुडिओने बनवला. हेच लोक २०१४ च्या 'लॉर्ड्स ऑफ द फॉलन'मध्येही होते, आणि तो 'डार्क सोल्स' या तलवारबाजीच्या अवघड गेमच्या वळणाचा. त्यामुळे 'सर्ज' आला तेव्हा निम्म्या लोकांनी 'डार्क सोल्स'ची लोखंडी नक्कल म्हणून बाजूला सारला. नक्कल आहेच थोडी. मेलात की गोळा केलेलं भंगार, म्हणजे गेममधली कमाई, तिथेच पडतं, परत जाऊन उचलायचं, आणि तेही घड्याळ लावून. वेळ संपली की भंगार गेलं. पण तलवारी, किल्ले, ड्रॅगन यांच्या जागी पाइपलाइन, क्रेन आणि फोर्कलिफ्ट आली की खेळाचा जीवच बदलतो, हे त्या टीकाकारांच्या लक्षात आलं नाही असं माझं मत आहे.

खरी गंमत अवयव तोडण्याची. ऐकायला वाईट वाटतं, पण नीट ऐका. समोरच्याचं डोकं, धड, दोन हात, दोन पाय, यातला कोणताही भाग तुम्ही नेम धरून निवडू शकता. उघडा भाग निवडला तर तो लवकर मरतो. चिलखत घातलेला भाग निवडला तर वेळ लागतो, मार खावा लागतो, पण शेवटी तो भाग तोडला की त्या चिलखताचा नकाशा मिळतो आणि तुम्ही ते स्वतःसाठी बनवू शकता. एका रात्री मला फक्त उजवा पाय हवा होता. बाकी पाच तुकडे तयार. समोर दोन माणसं, एकाच्या उजव्या पायाला चिलखत, दुसऱ्याच्या हातात माझ्या डोक्याइतकी गॅसची कटर. शहाणा माणूस डोकं उडवून निघून गेला असता. मी पायामागे लागलो, कटरवाल्याने मला भिंतीशी गाठलं. सहा वेळा. सातव्यांदा तो पाय हवेत उडाला तेव्हा रात्रीचे पावणेदोन झाले होते आणि मी एकटाच "हाऽ" करून ओरडलो. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, दिवसभर फॅक्टरी, अन् घरी येऊन पुन्हा फॅक्टरीच? काऊन जीव काढून राहिले?"

म्हणजे गेममध्ये दुकानातून सामान घ्यायचं नाही, समोरच्याच्या अंगावरचं बघून ठरवायचं की आज मला काय पाहिजे. प्रत्येक मारामारीत हाव आणि जीव यांची घासाघीस. हे त्यांचं स्वतःचं आहे, कोणाची नक्कल नाही.

दुसरी गोष्ट कोअर पॉवरची. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांना ही एका ओळीत कळेल. मीटरवर सँक्शन लोड असतो, एसी, गिझर आणि पाण्याची मोटर एकदम लावली की एमसीबी खाली. वॉरनच्या अंगावरचंही तसंच. चिलखताचा प्रत्येक तुकडा लोड खातो, आत बसवलेले इम्प्लांटही खातात. भारी चिलखत घालायचं तर जीव भरून देणारी इंजेक्शनं कमी करा, जास्त इंजेक्शनं हवीत तर हलक्या टोपीवर भागवा. काही बंद दारांची सर्किटंसुद्धा तेवढा लोड चढल्याशिवाय उघडत नाहीत. मी कागदावर हिशोब मांडून बसायचो, ऑफिसच्या लॉगबुकसारखा.

आणि जागा! प्रत्येक विभागात एकच ऑप्स, म्हणजे जिथे दुरुस्ती होते, भंगार जमा होतं, तेच जुनं गिटारचं गाणं वाजत असतं. तिथून निघायचं, अर्धा तास चाचपडत, मार खात पुढे जायचं, आणि एक शटर वर केलं की समोर पुन्हा तेच ऑप्स. अरे, आपण गोल फिरून त्याच भिंतीच्या मागे आलो! माझ्या पहिल्या नोकरीत मला प्लांट असाच कळला होता. सहा महिने मी कॅन्टीनला लांबून वळसा घालून जायचो, मग एका म्हाताऱ्या फिटरने कंप्रेसर रूममागचं दार दाखवलं. 'सर्ज'मध्ये ते दार रोज सापडतं. नकाशा देत नाहीत म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. मला तर नकाशा नसणं हेच आवडलं.

पी.ए.एक्स. नावाचं पहिलं मोठं धूड, दोन पायांवर चालणारं. त्याच्या पायांना मारत राहायचं, ते चिडून आभाळात क्षेपणास्त्रं सोडतं, आणि तेव्हा पळून जायचं नाही, उलट त्याच्याच पोटाखाली उभं राहायचं. क्षेपणास्त्रं त्याच्याच डोक्यावर पडतात, ते आडवं होतं, मग आपण. हे कळायला मला सतरा वेळा मरावं लागलं. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, कूलरची खस वाळलेली, आणि पीएस४ चा पंखा कूलरपेक्षा जोरात.

मग पहिल्या भागात खोट काय? आहे ना. दोनच तऱ्हेचे वार, आडवा आणि उभा, आणि चार-पाच तासांनी हात त्याला सरावतो. शत्रू फार वेगवेगळे नाहीत. शेवटचे विभाग घाईत उरकल्यासारखे. मोठी धुडं मोजून पाच. 'अ वॉक इन द पार्क' ही पुरवणी नंतर आली, क्रिओचं करमणूक पार्क, ती मजेची आहे पण छोटी.

२४ सप्टेंबर २०१९ ला 'द सर्ज २' आला आणि यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त झालं. विमान पडतं, बऱ्याच दिवसांनी तुम्ही जेरिको शहराच्या तुरुंगात जागे होता. चेहरा तुम्ही स्वतः बनवायचा. बाहेर ए.आय.डी. नावाचं लष्कर, शहराभोवती भिंत, नॅनाइटचं म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रांचं वादळ, आणि 'चिल्ड्रन ऑफ द स्पार्क' नावाचा एक पंथ, जो त्या नॅनाइटलाच पुजतो.

लढाई इथे दुप्पट चांगली आहे, यावर वाद नाही. मुख्य फरक अडवण्याचा. पहिल्या भागात अडवणं म्हणजे नुसतं अंग चोरणं होतं. इथे वार ज्या दिशेने येतो त्या दिशेला दांडी ढकलायची, वरून आला तर वर, डावीकडून आला तर डावीकडे, आणि बरोबर क्षणी. नेम बसला की समोरचा डळमळतो आणि मग त्याची धडगत नाही. दिशा दाखवणारा एक इम्प्लांट आहे, तो सुरुवातीलाच लावून घ्या, लाज बाळगू नका. मी पहिले दोन दिवस पुरुषार्थ म्हणून लावला नाही. तुरुंगातून निसटताना कॅप्टन सर्व्हांटीस आडवा येतो, त्याने माझा पुरुषार्थ उतरवला.

दुसरा फरक बॅटरीचा. मारलं की बॅटरी भरते, त्याच बॅटरीतून इंजेक्शन. म्हणजे जीव वाचवायचा तर मागे सरू नका, अंगावर जा. पहिल्या भागात मी इंजेक्शनं मोजत कोपऱ्यात लपायचो, पगाराच्या शेवटच्या आठवड्यात वागतो तसा. दुसऱ्यात अंगात येतं. शिवाय एकाच संचाचे तीन किंवा सहाही तुकडे घातले की वेगळा फायदा मिळतो, आणि हत्यारांत मुठीत घालायचे जाड हातमोजेही आले.

भिंतींवर बाकीच्या खेळाडूंच्या खुणाही दिसतात. हे मला फार आवडलं. कोणीतरी बाण काढलेला, इकडे माल आहे. एका ठिकाणी असाच बाण दरीकडे. मी विश्वासाने उडी मारली. खाली काहीच नव्हतं. कोणीतरी जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून माझ्यावर हसला असेल. मग मीही तिथे दुसरा बाण काढून आलो. खरंच सांगतो, उलट्या दिशेचा काढला. बहुतेक.

पण.

हे शहर मला आठवत नाही. गिडियन्स रॉकचं जंगल आठवतं, कारण पहिल्यांदा हिरवा रंग दिसतो आणि झाडांत न दिसणारे शिकारी असतात. बंदर थोडं आठवतं. बाकी रस्ते, गल्ल्या, छतं, लिफ्ट, दोरीवरून घसरणं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. इथेही दारं फिरून मागे येतात, किंबहुना पहिल्यापेक्षा जास्त, पण हे शहर कशासाठी असं बांधलं हे कळत नाही. फॅक्टरीत प्रत्येक पाइप कुठून तरी येतो आणि कुठेतरी जातो. जेरिकोत पाइप दिसायला छान म्हणून लावलाय.

आणि हिरो मुका. सगळे त्याच्याशी बोलतात, अथेना नावाच्या मुलीचा आवाज त्याला बोलावत असतो, आणि हा आपला दगड. वॉरन फार हुशार नव्हता, पण त्याला आधी चालता येत नव्हतं आणि आता येतंय, एवढी एक गोष्ट त्याच्या अंगात होती. त्या एका व्हीलचेअरसमोर दुसऱ्या भागातलं सगळं शहर मला हलकं वाटतं. 'क्रॅकन' नावाची पुरवणी जानेवारी २०२० मध्ये आली, विमानवाहू जहाजावरची. ती बरी आहे, जास्त लिहीत नाही.

भाचा माझ्या विरुद्ध. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दुसरा भाग दोनदा संपवून बसलाय. रविवारी तर्री पोहे खाता खाता म्हणतो, "मामा, तू अजून त्या पहिल्यातच काऊन फिरून राहिला? त्यात धड ब्लॉक करता येत नाही बे." बरोबर आहे त्याचं. कोणी मला विचारलं, एकच घ्यायचाय, कोणता घेऊ, आणि त्याला आधीच्याचा लळा नसेल, तर मीही दुसराच घे म्हणेन. हात लवकर बसतो, पैसे वसूल होतात, कथा समजायला पहिला खेळलेला असायलाच हवा असंही नाही. फक्त दुसरा आधी खेळलात तर पहिल्याकडे परत जाणं जड जाईल, हात बांधल्यासारखा वाटेल. म्हणून जमलं तर पहिला आधी, कितीही जुना दिसला तरी. आणि डबा उघडून घ्या.

गेल्या महिन्यात मी भाच्याला पहिल्याची डिस्क दिली, हो-नाही करत घेऊन गेला. परवा सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी आलो, बूट काढतोय तोवर फोन.

"मामा, सेंट्रल प्रॉडक्शनमध्ये अडकलो. ऑप्सला परत कसं जाऊ? भंगार लई आहे जवळ, मेलो तर गेलं."

"कन्व्हेयर दिसून राहिला का?"

"हो."

"चालू आहे का बंद?"

"चालू."

"मग त्याच्या कडेकडेनं चल. घाई नको करू. पुढं अंधारात एक जण उभा राहते, त्याला आधी ये म्हण. अन् त्याच्या डाव्या हाताला चिलखत आहे का पाहा, तोडून घे."

थोडा वेळ नुसता लोखंडाचा आवाज. मग भाचा म्हणाला, "मामा, शटर सापडलं," आणि मागे ते गिटारचं गाणं ऐकू आलं.