बावीस इंची काळी सायकल आणि खरा सायकलस्वार : एक परीक्षण

सकाळी पहिली पाळी भरण्यापूर्वी बेळगावच्या खानापूर रस्त्यावर दोन तऱ्हेचे सायकलस्वार दिसतात. हेल्मेट आणि जर्सी घातलेला, गिअरच्या हलक्या सायकलींचा एक गट जांबोटीच्या दिशेने निघालेला असतो आणि त्याच रस्त्याने, हँडलला डब्याची पिशवी अडकवून, उद्यमबागेतील फाउंड्रीचा कामगार आपल्या काळ्या सायकलीवरून कामाला जात असतो. पहिल्यांकडे लोक सायकलपटू म्हणून कौतुकाने पाहतात, तर दुसऱ्याला मोटारसायकल परवडली नसावी असे गृहीत धरतात. तशीच बावीस इंची फ्रेमची (सांगाड्याची) सायकल मी टिळकवाडी, शहापूर, वडगाव आणि येळ्ळूर या भागांत अनेक वर्षे वापरत आलो आहे. तिचे गुणदोष लिहिताना ही समजूत किती चुकीची आहे, तेही सांगणे मला अगत्याचे वाटते.

हा नमुना मूळचा ब्रिटिश रोडस्टरचा, म्हणजे रोजच्या ये-जासाठी बनवलेल्या भक्कम सायकलीचा. हर्क्युलस, ॲटलस, हिरो, ॲव्हॉन अशा कंपन्यांनी तो आपल्याकडे घरोघरी पोहोचवला. २८ × १½ इंची टायर, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक, साखळीवर पूर्ण झाकण, भक्कम कॅरिअर आणि लोखंडी सळ्यांवर चालणारे ब्रेक अशी तिची ठेवण असते. वजन वीस किलोच्या आसपास भरते. बैठक ताठ असल्यामुळे रहदारीत नजर लांबवर जाते, आणि दोन चाकांमधले अंतर जास्त असल्यामुळे खडी उखडलेल्या रस्त्यावरचे धक्केही सौम्य होतात. कॅरिअरवर तांदळाचे पोते बांधले तरी ती डगमगत नाही.

तिचा सर्वांत मोठा दोष ब्रेकमध्ये आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चाकाची रिम क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. ती ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात रिम कोरडी राहण्याचे दिवस थोडेच. कपिलेश्वर उड्डाणपुलावरून भर पावसात उतरताना ब्रेक दाबला तरी पहिले काही क्षण वेग कमी होत नाही, आणि रिमवरचे पाणी पुसले गेल्यावरच पकड येते. म्हणून जाणता माणूस उतार लागण्याआधीच ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घेतो. पुढची रिक्षा कोणत्या बाजूला झुकते आहे, गल्लीच्या तोंडाशी कोण उभे आहे, कोणत्या डबक्याखाली खड्डा आहे, हे सारे तो पुरेसे अंतर राखून पाहत असतो. चांगल्या डिस्क ब्रेकच्या सायकलीवर ही सवय नसली तरी पुष्कळदा निभावून जाते; येथे निभावत नाही. रस्ता आधी वाचण्याची ही सवय हेच मी खऱ्या सायकलस्वाराचे लक्षण मानतो, आणि उद्यमबागेला वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या त्या कामगाराच्या अंगी ती पुरेपूर मुरलेली असते.

गिअर नसण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. माझ्या सायकलीला पुढच्या चक्रीवर ४४ आणि मागच्या चक्रीवर १८ दाते आहेत. म्हणजे पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, मग रस्ता सपाटीचा असो वा चढाचा. गिअरच्या सायकलीवर पुढे २८ आणि मागे ३४ दात्यांची जोडी लावली, तर हेच अंतर पावणेदोन मीटरच्या जवळपास येते. पायडल अधिक वेळा मारावे लागते, पण दर फेऱ्याला गुडघ्यावर येणारा भार साधारण एकतृतीयांश होतो. त्यामुळे राजहंसगडाचा शेवटचा चढ किंवा गोव्याच्या बाजूने चोर्ला घाट या सायकलीवर चढायचा म्हटले, तर बहुतेकांना खाली उतरून ती हाताने ढकलावी लागेल, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. ज्यांना असे घाट वारंवार चढायचे आहेत त्यांनी गिअरची सायकलच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र येळ्ळूरच्या बासमतीच्या शिवारातून जाणारा रस्ता या काळ्या सायकलीला चांगला मानवतो. पावसाळ्यात जांबोटीकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो तेव्हा बदलायला गिअर नसतो. अंग जरा वाकवून, दम राखून, पायांचा ठेका संथ ठेवून जावे लागते. असे रस्ते रोज तुडवणारा माणूस घरातून निघतानाच वाऱ्याचा आणि चढाचा हिशेब मनाशी मांडतो. गिअरची सायकल घेऊन हौसेने फिरणाऱ्यांपैकीही कित्येकजण हे शिकतात, आणि मग तेही त्या कामगाराइतकेच खरे सायकलस्वार ठरतात.

लांब पल्ल्याच्या ब्रेवे नावाच्या सायकलफेऱ्यांचे नियमही मला याच अंगाने महत्त्वाचे वाटतात. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे असतात. ही शर्यत नसते, त्यामुळे क्रमांक काढले जात नाहीत. वाटेत मागून मदतीची गाडी आणता येत नाही. पंक्चर, तुटलेली साखळी, भूक आणि रात्रीचा काळोख यांना आपले आपणच तोंड द्यायचे असते. सायकल कार्बनची आहे की पोलादाची, हे तेथे कोणी विचारत नाही. २०० किलोमीटरसाठी लागणारी सरासरी ताशी पंधरा किलोमीटरहूनही किंचित कमी पडते, म्हणजे ही काळी सायकलसुद्धा तेथे उभी राहू शकते, फक्त चालवणाऱ्याच्या अंगी दम हवा.

दुरुस्तीच्या बाबतीत या सायकलीला तोड नाही. सर्व कंपन्यांचे सुटे भाग जवळजवळ एकसारखे असल्यामुळे ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला तरी त्या सायकली निराधार झाल्या नाहीत. शहापूर-वडगावच्या जुन्या मिस्त्रींकडे कोन, छर्रे, कॉटर पिन, व्हॉल्व्हचे रबर हे सगळे डब्यांत भरलेले असते. दूधवाल्याची सायकल आणि डॉक्टरांच्या मुलाची परदेशी सायकल ज्या दुकानात सारखेच मन लावून हातात घेतली जाते, तेथेच आपली सायकल द्यावी. पावसाळा संपल्यावर ओव्हरहॉलिंग करून घेतले आणि हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, चिखलाने काळे पडलेले ग्रीस बदलले, की वर्षभर तक्रार उरत नाही.

नवी सायकल घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती कारखान्यातून सुट्या भागांत येते आणि चाके दुकानातच विणली जातात, म्हणून तिचा दर्जा कंपनीइतकाच मिस्त्रीच्या हातावर अवलंबून असतो. पहिल्या काही आठवड्यांत स्पोक सैल पडतात. तेव्हा परत जाऊन चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा. डायनॅमोचा दिवा चढावर वेग कमी झाला की मंदावतो, त्यामुळे रात्रीसाठी बॅटरीचा पांढरा दिवा पुढे आणि लाल दिवा मागे जोडून घ्यावा. किंमत गिअरच्या साध्या सायकलीहून कमी पडते, तेव्हा एवढा जादा खर्च सहज सोसतो. उंची साडेपाच फुटांहून कमी असेल तर बावीसऐवजी वीस इंची फ्रेम मागावी, आणि पैसे देण्यापूर्वी मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, दोन्ही टाचा जमिनीला नीट टेकतात की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे.