वैश्विक किरणांचा उगम: फुटलेला तारा की पल्सार?

रंकाळ्यावर भेळ खाताना भाच्यानं विचारलं, "मामा, हे वैश्विक किरण येतात कुठनं?" आली का पंचाईत! हे विद्युतभारित कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात वळत-वळत येतात, त्यामुळं दिशेवरून गाव कळत नाही. त्याच ठिकाणांहून निघणाऱ्या गॅमा किरणांना, म्हणजे अतिऊर्जावान प्रकाशाला, मात्र भार नसतो; ते सरळ येतात, म्हणून माग त्यांचा काढायचा.

पहिला दावेदार, सुपरनोव्हाचे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. धक्कालहरीत प्रोटॉन पुन्हा पुन्हा ढकलले जातात, शेजारच्या वायूवर आदळले की पायॉन नावाचे क्षणभंगुर कण बनतात, आणि उदासीन पायॉन मोडला की दोन गॅमा किरण. फर्मी या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीच्या निरीक्षणांत ही खूण २०१३ मध्ये आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या अवशेषांत सापडली. पुरावा दणकट, पण पीईव्हीपर्यंत, म्हणजे हजार टीईव्हीपर्यंत (ही कणांच्या ऊर्जेची मापं) मजल जाते का, तिथं गाडी अडते.

दुसरा, पल्सार, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला, गरगर फिरणारा गाभा. जानेवारीत पन्हाळ्याच्या अंधारात बायनॉक्युलर लावला की वृषभाच्या शिंगाजवळ धुरकट ठिपका दिसतो. तो खेकडा तेजोमेघ, १०५४ च्या स्फोटाचा, आणि त्याच्या पोटात पल्सार. चीनच्या लासो वेधशाळेनं तिथून १.१ पीईव्हीचा फोटॉन, म्हणजे गॅमा किरणाचा कण, टिपला. ताकद जबरी! फक्त तो बहुधा इलेक्ट्रॉनचा प्रताप, आणि वैश्विक किरणांत बहुसंख्य प्रोटॉन.

माझं मत? नेहमीच्या ऊर्जेला अवशेषच. पीईव्हीच्या पैजेवर मी भेळसुद्धा लावणार नाही.