फॉस्टर की कॅनिफ: साहसी चित्रमालिकांचा पहिला खंड कोणता घ्यावा?

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या वाचकाला पुढे कधीतरी वेताळाच्या काळातल्या इतर अमेरिकी वृत्तपत्रीय साहसकथाही संग्रही असाव्यात असे वाटू लागते. अशा वेळी हॅल फॉस्टर यांची ‘प्रिन्स व्हॅलियंट’ (१९३७) आणि मिल्टन कॅनिफ यांची ‘टेरी अँड द पायरेट्स’ (१९३४) यांपैकी कोणती आधी घ्यावी, हा प्रश्न हमखास पडतो. दोन्हींचे जाडजूड खंड निघालेले आहेत आणि एकाच वेळी दोन्ही घेणे खिशाला जडच जाते.

फॉस्टर यांची मालिका फक्त रविवारी, रंगीत पानावर येत असे. तिच्यात संवादाचे फुगे नाहीत. मजकूर चित्राला धरून निवेदनासारखा येतो, त्यामुळे चित्र मोकळे राहते आणि डोळा तिथेच रेंगाळतो. १९३८ मधला डंडॉर्न ग्लेनच्या पुलाचा प्रसंग पाहावा: अरुंद पुलावर एकटा नायक व्हॅल, हातात ‘गाणारी तलवार’ आणि समोरून चाल करून येणारे व्हायकिंग. हे चित्र उलगडायला पानभर मजकुरापेक्षा जास्त वेळ लागतो. पुढच्या पिढीतील चित्रकारांनी फॉस्टर यांची पाने अक्षरशः गिरवली. अमेरिकी कॉमिक्स-चित्रकार जॅक कर्बी यांनी १९७२ मध्ये ‘डीमन’ हा कॉमिक्सनायक घडवला, तेव्हा त्याचा चेहरा व्हॅलने एका कथेत हंसाच्या (गूज) कातडीपासून केलेल्या मुखवट्यावरूनच घेतला होता. मात्र आठवड्याला एकच पान असल्याने कथा संथ चालते आणि सलग वाचताना निवेदनाचा भारदस्तपणा थोडा जड होतो, हे मान्य करायला हवे.

कॅनिफ यांचे बळ नेमके उलट आहे. त्यांची पट्टी रोज येई. तीन-चार चौकटींत प्रसंग पुढे सरकवून शेवटच्या चौकटीत वाचकाला उद्यापर्यंत टांगून ठेवायचे, हे त्यांचे रोजचे काम. चित्रकार मित्र नोएल सिकल्स यांच्याकडून उचललेली, ब्रशने भरलेल्या गडद सावल्यांची शैली त्यांनी अशी मुरवली की चौकट सिनेमातल्या शॉटसारखी भासते. पात्रेही जिवंत आहेत: मुलगा असलेला नायक टेरी वर्षागणिक मोठा होतो, समुद्री चाच्यांची म्होरकी ड्रॅगन लेडी धड शत्रू नाही की मित्र नाही, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये रेव्हन शर्मन ही नायिका कथेत मरण पावली तेव्हा वाचकांनी खरोखरच शोक केला. मालिकेचे हक्क मात्र सिंडिकेटकडे (वृत्तपत्रांना मालिका पुरवणाऱ्या संस्थेकडे) असल्याने कॅनिफ १९४६ अखेर तिच्यातून बाहेर पडले आणि स्वतःच्या मालकीची ‘स्टीव्ह कॅनियन’ त्यांनी सुरू केली.

एक गोष्ट आधीच सांगणे भाग आहे. ‘टेरी’मधल्या कॉनी या चिनी पात्राचे दात पुढे काढून, मोडके इंग्रजी बोलवून केलेले चित्रण आज वाचवत नाही, आणि ‘काळच तसा होता’ एवढ्याने ते पचतही नाही.

तरीही माझा कौल कॅनिफ यांना आहे, फक्त पहिल्या खंडाला नाही. सुरुवातीची रेषा कच्ची आहे, शिवाय रोजच्या आणि रविवारच्या कथा १९३६ मध्ये एकत्र होईपर्यंत वेगवेगळ्या चालतात. म्हणून १९३७-३८ चा दुसरा खंड घ्यावा. तुम्ही स्वतः चित्र काढत असाल, तर मात्र निःशंकपणे फॉस्टर यांचा पहिला खंड घ्या. पुलाचा तो प्रसंग त्यातच आहे.