लुआचा इंटरप्रिटर: संपूर्ण वाचून काढावा असा

रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेल्या लुआ या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर (तिच्यात लिहिलेले प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) मुक्तस्रोत आहेच. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की, सी भाषेतील त्याचा सोर्स कोड एकट्या माणसाने नेटाने वाचून काढावा इतका आटोपशीर आहे. त्याचा पार्सर, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, वाक्यरचनेचे वेगळे झाड उभारत न बसता प्रोग्राम वाचता वाचताच बाइटकोड (इंटरप्रिटरने राबवायच्या सूचना) तयार करतो, आणि ५.० आवृत्तीपासून हा बाइटकोड स्टॅकऐवजी (किमती एकावर एक रचायच्या चळतीऐवजी) रजिस्टरांच्या, म्हणजे क्रमांकाने थेट गाठता येणाऱ्या जागांच्या, आधारे चालतो. याचा फायदा प्रत्यक्ष पाहण्यासाठी ५.३ आवृत्तीत तीन लोकल व्हेरिएबल घेऊन ‘सी = ए + बी’ अशी ओळ लिहावी आणि सोबत मिळणाऱ्या ‘लुआक’ या कंपायलरकडून बाइटकोडची यादी छापून घ्यावी. स्टॅकवर आधारित यंत्राला दोन्ही किमती चढवून, बेरीज करून उत्तर उतरवावे लागले असते; इथे त्या ओळीसाठी ‘अॅड’ ही एकच सूचना दिसते, आणि ही काटकसर मला फार भावते.

मॅक्रोंचा (कोडच्या तुकड्यांना दिलेल्या छोट्या नावांचा) सढळ वापर मात्र खटकतो, कारण सूचना राबवणारे मुख्य लूप वाचताना नवख्या वाचकाला वारंवार दुसऱ्या फाइली उघडाव्या लागतात. म्हणून वाचनाची सुरुवात ‘एलऑपकोड्स.एच’ या फाइलपासून करावी. तिथे प्रत्येक सूचनेशेजारी तिचा अर्थ नेमक्या शब्दांत दिलेला आहे.