नवी सीएनजी की जुनी पेट्रोल?

गाडीसाठी बजेट सात लाख, ताणून साडेसात. घरात चार माणसं, त्यातलं एक गुडघेदुखीवालं. रोजचं जाणं-येणं वीस-बावीस किलोमीटर, आणि महिना-दीड महिन्यातून एकदा चिंचवड ते गुहागर. एवढं सांगितलं की ओळखीतला प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचा: डोळे झाकून सीएनजी घे. मीही जवळजवळ घेतलीच होती. शेवटी घेतली ती 2021ची वॅगन आर, 1.2 लिटर, पेट्रोल, पहिल्या मालकाची. असं का झालं ते लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन गेल्या दोन महिन्यांत तिघांचे फोन आले.

यादीत तीन गाड्या उरल्या होत्या. नवी वॅगन आर सीएनजी, नवी टियागो सीएनजी आणि ही जुनी पेट्रोल. स्विफ्ट चालवायला मला सगळ्यात जास्त आवडते, पण आईला तिच्यात बसवताना दर वेळी विहिरीत उतरवल्यासारखं वाटतं, म्हणून ती पहिल्याच दिवशी बाद. फीचर्स, स्क्रीन, रंग यांबद्दल इथे काही मिळणार नाही. ते शोरूमवाले न विचारता सांगतात.

आधी सीएनजीच्या बाजूने बोलतो, कारण हिशेब तिच्या बाजूने आहे आणि तो खोटा नाही. मी गाडी शोधत होतो तेव्हाच, 22 सप्टेंबर 2025ला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नव्या गाड्या एकदम आवाक्यात आल्या. वॅगन आर सीएनजीचं मधल्या व्हेरियंटचं कोटेशन मला ऑन-रोड सात लाख पस्तीस हजारांच्या घरात मिळालं. तीच पेट्रोलमध्ये घेतली तर साधारण ऐंशी हजार कमी. आपल्याकडे सीएनजीला रोड टॅक्स कमी लागतो, त्यामुळे शोरूमच्या किमतीतला फरक रस्त्यावर येईपर्यंत थोडा घटतो.

पुण्यात तेव्हा पेट्रोल एकशे चारच्या आसपास होतं आणि सीएनजी नव्वदीच्या. मेहुण्याची सीएनजी किलोला सव्वीस किलोमीटर देते. कंपनीचा आकडा चौतिसाच्या आसपास आहे, पण तो एसी बंद ठेवून, रिकाम्या रस्त्यावर, एकट्याने चालवणाऱ्याला मिळत असेल. पेट्रोलला सतरा धरा. म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपये विरुद्ध सहा. माझं रनिंग वर्षाला दहा हजार आहे, त्यामुळे ऐंशी हजार तीन वर्षांत वसूल. इथपर्यंत माझा निर्णय झालेला होता. बुकिंगचे अकरा हजार तेवढे द्यायचे राहिले होते.

पण त्याच्या महिनाभर आधी गणपतीला मेहुण्याच्या गाडीने गावी गेलो होतो, आणि ती ट्रिप काही केल्या डोक्यातून जात नव्हती.

ज्यांच्याकडे सीएनजी आहे ते आता हसतील. पंपावर गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. नियम बरोबर आहे, सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने गॅस भरला जातो, त्यात माणसं बसवून ठेवणं शहाणपणाचं नाही. मला तो नियम माहीतही होता. माहीत असणं आणि पहाटे पाच वाजता पावसात झोपलेल्या सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभं राहणं यात मात्र फरक आहे.

आम्ही रात्री अडीचला निघालो होतो. कराडच्या अलीकडे रांगेत लागलो तेव्हा पुढे बावीस गाड्या होत्या. गणपतीतली रांग, त्यामुळे तक्रार नाही. पाऊण तासाने नंबर आला. पंपावरचा पोरगा म्हणाला, "सगळे खाली. काकू, उतरावं लागेल." आई मागच्या सीटवर मधे बसलेली, मांडीवर पिशवी, पायाशी पिशवी, कारण डिकीत सिलिंडर. आधी पिशव्या उतरल्या, मग बायको, मग आई दाराला धरून, एकेक पाय. मग शेडच्या कडेला ओल्या फरशीवर ती दहा मिनिटं उभी. परत बसताना तोच क्रम उलटा. एवढं करून गॅस भरला सहा किलो, कारण प्रेशर नव्हतं.

हे प्रेशरचं प्रकरणही समजून घ्या. हायवेवरच्या बऱ्याच पंपांना गॅसची पाइपलाइन नसते. मोठ्या स्टेशनवरून ट्रकवर बसवलेल्या सिलिंडरांच्या जथ्थ्यातून गॅस येतो, आणि एकापाठोपाठ एक गाड्या भरत गेल्या की त्या जथ्थ्यातला दाब उतरत जातो. पहिल्या दहा गाड्यांना आठ-नऊ किलो मिळतो, विसाव्या गाडीला सहा. म्हणजे जेवढी मोठी रांग, तेवढा कमी गॅस. जवळपास तीनशे किलोमीटरच्या प्रवासात सहा किलोवर भागत नाही, म्हणून चिपळूणला पुन्हा रांग, पुन्हा "काकू, उतरा". येतानाही तेच दोनदा. आई तोंडाने काही बोलली नाही. पण दिवाळीला गावी जायचा विषय निघाल्यावर म्हणाली, "मी एसटीने येते की."

माझ्यासाठी सीएनजीचा विषय तिथे संपला. हिशेब नंतर मांडला, निर्णय आधी झाला होता हे कबूल करतो.

डिकीबद्दल दोन शब्द. मोठा एकच सिलिंडर असला की डिकी जवळपास गेली. वॅगन आरची डिकी एरवी 341 लिटर म्हणजे या वर्गात मोठी, त्यामुळे ती गेल्याचं दुःखही मोठं. टाटाने एकाऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवून हा प्रश्न बराच सोडवला आहे. टियागोत गॅस असूनही दोन मध्यम बॅगा नीट बसतात, मी स्वतः ठेवून पाहिल्या. सीएनजीच घ्यायची असेल तर माझं मत टियागोकडे झुकेल. गाडी अंगाने भरीव वाटते, दार लावल्याचा आवाजच वेगळा येतो. पण डिकी वाचली तरी पंपावर उतरावं लागतंच, आणि टियागोची सीट वॅगन आरपेक्षा खाली.

घाटाचंही थोडं. कुंभार्ली घाट पाच माणसं आणि एसी घेऊन चढताना मेहुण्याने गाडी पेट्रोलवर टाकली. बटण दाबलं की झालं, त्यात काही त्रास नाही. वॅगन आरचं 1.0 इंजिन पेट्रोलवर 67 पीएस (अश्वशक्ती) देतं आणि सीएनजीवर 57च्या आसपास, तो फरक घाटात जाणवतो. सपाट रस्त्यावर नाही जाणवत. जुन्या 1.2चं इंजिन चार सिलिंडरचं, 83 पीएसचं आहे. त्याच घाटात तिसऱ्या गिअरमध्ये निवांत वर जातं. नव्या गाड्यांत तीन सिलिंडरच जास्त दिसतात, आणि सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगमध्ये येणारी ती बारीक थरथर काही जणांना कळतही नाही. मला कळते.

आता जुन्या गाडीकडे. पेट्रोल ठरल्यावर नवी 1.2 घ्यायची तर ऑन-रोड सात लाखांच्या आसपास जात होती. जुनी, अडतीस हजार चाललेली, चार लाख पंचावन्न हजारांना मिळाली. आधी चार ऐंशी सांगत होते, पण जीएसटी उतरल्यावर जुन्याचे भावही नरमले. वर टायर, बॅटरी आणि पूर्ण सर्व्हिस धरून एकतीस हजार घातले. म्हणजे नव्या सीएनजीच्या तुलनेत अडीच लाख खिशात राहिले. पेट्रोलपायी मला वर्षाला सव्वीस हजार जास्त जातात. अडीच लाखांना सव्वीस हजारांनी भागा, साडेनऊ वर्षं होतात. तोवर ही गाडी चौदा वर्षांची झालेली असेल. पुढे विकताना नवी सीएनजी जास्त पैसे देईल हे खरं, आणि जुनीची दुरुस्ती वाढत जाईल हेही. तरी काटा फारसा हलत नाही. मात्र कर्ज काढणार असाल तर वेगळा विचार करा. मला नवीला नऊच्या आसपास व्याज सांगितलं, जुनीला साडेतेरा. मी बरीचशी रक्कम रोख भरली म्हणून मला परवडलं.

गाडी कशी तपासायची यावर पुष्कळ बोललं जातं, म्हणून मी कोकणातला असल्यामुळे जे पाहतो तेवढंच सांगतो. 22 जुलै 2021ला चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या चुलत्यांच्या आळीतल्या सगळ्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्यातल्या काही पुढे धुऊन-पुसून कुठल्या ना कुठल्या बाजारात गेल्याच असतील. त्यामुळे मी बॉनेट उघडायच्या आधी पुढची सीट पूर्ण मागे सरकवतो आणि तिच्या खालच्या रेल्स बघतो. तिथे गंज असेल तर बाकी गाडी कितीही चकाचक असो, घरी जायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतो. चिखलाची रेघ तिथे राहते, ती कोणी धूत नाही. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. 2021च्या गाडीवर 2021चेच टायर असतील तर त्यांची नक्षी कितीही शिल्लक असो, ते बदलायचे पैसे भावातून कमी करून घ्या. इंजिन थंड असतानाच चालू करून दाखवा म्हणावं. आपण पोचायच्या आधीच कोणी गाडी गरम करून ठेवली असेल तर का, असं विचारावं. आणि शंभर गोष्टी स्वतः बघण्यापेक्षा आपला मेकॅनिक हजार-दीड हजार देऊन सोबत न्यावा. माझा मेकॅनिक दोन गाड्यांना "दादा, नको" एवढंच म्हणाला, कारण विचारल्यावर चहा पाजा म्हणाला.

कागदांत दोन गोष्टी. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, बँकेचा बोजा उतरला आहे का ते बघा, फिटणं आणि उतरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आणि आपल्याच आरटीओची गाडी मिळाली तर तीच घ्या. मी एमएच-14चीच घेतली. ऑफिसातल्या एकाने दुसऱ्या जिल्ह्यातली स्वस्त पाहून घेतली, तो तिकडच्या आरटीओच्या एनओसीसाठी, म्हणजे ना-हरकत पत्रासाठी, तीन महिने चकरा मारत होता. वाचलेले पंधरा हजार पेट्रोल आणि रजेत गेले.

एक गोष्ट मला टोचते आणि ती लपवत नाही. गाडी धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप चाचणीत 2023मध्ये वॅगन आरला पाचपैकी एक तारा मिळाला होता. टियागोला 2020मध्ये चार. मधे चाचणीचे निकष कडक झाले, त्यामुळे थेट तुलना होत नाही, पण फरक काही फक्त निकषांचा नसावा. नव्या वॅगन आरमध्ये आता सहा एअरबॅग आहेत, माझ्या 2021च्या गाडीत दोन. जुनी बघताना त्या दोन तरी आहेत का हे तपासा, कारण 2021 संपेपर्यंत खालच्या व्हेरियंटमध्ये फक्त ड्रायव्हरपुढे एअरबॅग चालत होती. मी ऐंशीच्या वर जात नाही आणि मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला लावतो. हे उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. तुमचं रोजचं जाणं एक्स्प्रेस वेवरून असेल तर टियागोचा विचार माझ्यापेक्षा गंभीरपणे करा, जुनी पेट्रोल टियागोसुद्धा चार-साडेचार लाखांत चांगली मिळते.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचंही बरेच जण विचारतात. एप्रिल 2023 आधीच्या बहुतेक गाड्या 20 टक्के इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या नाहीत, माझीही नाही. चार हजार किलोमीटर झाले, मला तरी वेगळं काही जाणवलेलं नाही. अॅव्हरेज थोडं पडलं असेल, पण आधीच्या मालकाचं अॅव्हरेज खरं होतं की विक्रीपुरतं, हे कुठे माहीत आहे! रबरी पाइप दर सर्व्हिसला बघून घ्यायला सांगितले आहेत.

बाकी, महिन्याला दीड हजार किलोमीटर होत असतील, घराजवळ पाइपलाइनवाला पंप असेल आणि गाडीत बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असाल, तर माझं सगळं वरचं विसरून सीएनजी घ्या. मेहुण्याचं तसंच आहे, हिंजवडीला रोज पंचावन्न किलोमीटर. रात्री साडेदहाला जेवून पंपावर जातो, रांगेत मोबाइल बघतो, खूश आहे. मला अजूनही "पेट्रोल जाळतोय नुसता" म्हणून चिडवतो.

शिमग्याला गावी जाताना मात्र त्याने आपली गाडी चिंचवडला आमच्या पार्किंगमध्ये लावली आणि आमच्याच गाडीत मागे बसून आला. पेट्रोल कराडला एकदाच भरलं. आई झोपलेली होती.